मुलांना सांभाळणाऱ्यांचा ताण

आज आपण बालसंरक्षणाच्या कामातल्या ताणाबद्दल बोलणार आहोत. ऐकताना वाटतं, हा कर्मचाऱ्यांच्या तक्रारींचा विषय आहे. पण मुळात तो मुलांचा विषय आहे. कसा, ते पाहू.

आधी काम काय असतं ते समजून घेऊ. २०१५च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे, संरक्षणाची गरज असलेलं मूल प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. सामाजिक तपासणी १५ दिवसांत व्हावी आणि समितीने ४ महिन्यांत अंतिम आदेश द्यावा, अशी तरतूद आहे. कागदावर हे सुटसुटीत दिसतं. प्रत्यक्षात त्या १५ दिवसांत घर शोधायचं, आईवडिलांशी बोलायचं, शेजारी, शाळा, पोलीस ठाणं गाठायचं आणि अहवाल लिहायचा. अशी मुलं एका वेळी अनेक. अहवाल चुकला तर मूल मारहाणीच्या घरात परत जाऊ शकतं, किंवा घर चांगलं असूनही बालगृहात अडकू शकतं. म्हणजे जोखीम मोठी, पण अंतिम निर्णय समितीच्या हातात. त्यात जिल्हा बाल संरक्षण कक्षातले बरेचसे लोक कंत्राटावर.

आता ‘बर्नआउट’ हा शब्द. १९७४मध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने तो न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यातल्या स्वयंसेवकांच्या संदर्भात मांडला. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी त्याच्या तीन बाजू दाखवल्या: भावनिक थकवा, समोरच्या माणसाबद्दल कोरडेपणा, आणि ‘आपल्या हातून काही होत नाही’ ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या ११व्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद आजार म्हणून नाही. दीर्घकाळ न हाताळलेल्या कामाच्या ताणातून उद्भवणारी, नोकरीशी निगडित घटना म्हणून आहे. हा फरक महत्त्वाचा. कारण मग उपायही फक्त त्या व्यक्तीत शोधून चालत नाही.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट असते: दुय्यम आघात. अत्याचाराच्या हकिकती रोज ऐकून ऐकणाऱ्याचीही झोप उडते, तीच दृश्यं डोळ्यांसमोर येत राहतात. बर्नआउट जास्त कामानं येतो, तो हळूहळू. दुय्यम आघात मात्र एखाद्याच प्रकरणानंतरही येऊ शकतो. दोन्ही एकच समजलं की उपाय चुकतो. सुट्टीनं थकवा थोडा उतरेल, पण ऐकलेलं मनातून जात नाही.

मग मुलांचा संबंध कुठे येतो? त्या तीनपैकी दुसऱ्या बाजूत, कोरडेपणात. थकलेला माणूस प्रश्न विचारतो, पण उत्तराची वाट पाहत नाही. मूल गप्प होतं, आणि अहवालात ‘विशेष तक्रार नाही’ असं येतं. कर्मचारी नोकरी सोडून गेला, तर नव्या माणसासमोर मुलाला तेच सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. कितव्यांदा सांगायचं त्यानं?

म्हणून एक दिवसाचं ताणमुक्ती शिबिर पुरत नाही. एका व्यक्तीकडे किती प्रकरणं असावीत याची मर्यादा हवी. अवघड गृहभेटीला दोघांनी जावं. आणि दर आठवड्याला अनुभवी व्यक्तीसोबत प्रकरणांवर बोलायला ठरलेला वेळ हवा. तो वेळ चूक शोधण्यासाठी नको, भार वाटून घेण्यासाठी हवा. हे चोचले नाहीत. मुलाचं बोलणं ऐकायला समोर शाबूत माणूस असावा, एवढीच ही मागणी आहे.