पायाची नाडी बघा, थंडीवर ढकलू नका



हिवाळा लागला की विहारातल्या आमच्या आरोग्य बैठकीत एक तक्रार हमखास येते. धुणीभांडी करणाऱ्या बाया हात पुढे करतात, "पाहा ना ताई, बोटं लाकडावानी झाली." पहाटे रस्ते झाडायला जाणारे भाऊ सांगतात, "पाय रात्रभर गरमच होत नाही." नागपुरात थंडीच्या दिवसांत रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली जातो. वर टिनाचं छप्पर, खाली गार फरशी आणि नळ येतो पहाटे. अशात हातपाय थंड पडले तर नवल नाही.

पण दोन वर्षांपूर्वी याच बैठकीत एक भाऊ काठी टेकत आले. वय चाळिशीच्या आत, काम हमालीचं, दिवसाला बिडीचे दोन कट्टे. त्यांचा डावा पाय थंड राहायचा आणि उजवा मात्र गरम. बाजाराच्या कोपऱ्यापर्यंत चाललं की पोटरीत गोळा यायचा, थांबलं की दोन-तीन मिनिटांत उतरायचा. दोन हिवाळे त्यांनी तेल चोळलं, विटेचा शेक घेतला. एका दवाखान्यात गेले, तर तिथे खुर्चीवरून न उठता सांगण्यात आलं, "थंडी आहे, मोजे घाला." पायाला कोणी हातसुद्धा लावला नाही. तिसऱ्या हिवाळ्यात अंगठा काळा पडला आणि कापावा लागला. आमच्यापर्यंत ते आले त्यानंतर.

त्या दिवशी आम्ही बायांनी ठरवलं की वस्तीतल्या प्रत्येक घरात एका तरी माणसाला पायाची नाडी बघता आली पाहिजे. हा लेख त्यासाठीच आहे.

हातपाय थंड का पडतात

थंडी वाजली की शरीर आधी हृदय, मेंदू, फुफ्फुसं सांभाळतं. त्यासाठी हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि गरम रक्त आत राखलं जातं. म्हणून बोटं गार पडतात. अंग ऊबेला आलं की वाहिन्या पुन्हा मोकळ्या होतात. दोन्ही हात, दोन्ही पाय सारखेच गार पडत असतील, ऊब मिळाल्यावर बरं वाटत असेल, दुखणं किंवा जखम नसेल, तर सहसा घाबरण्याचं कारण नाही.

एकच पाय किंवा एकच हात थंड राहत असेल तर मात्र गोष्ट वेगळी आहे. थंडी दोन्ही पायांना सारखीच लागते. एकच पाय गार असेल, तर त्या पायाकडे जाणाऱ्या रक्ताची वाट कुठेतरी अडली आहे का, हे बघायला हवं.

नाडी कशी बघायची

घरातल्या माणसाला निवांत आडवं करा. आपले हात चोळून गरम करून घ्या. पायाचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्या मधून सरळ वर, पायाच्या उंचवट्यापर्यंत या. तिथे दोन-तीन बोटं अलगद ठेवा. आपला अंगठा वापरू नका, कारण त्यात आपलीच नाडी लागते. जोरात दाबूही नका, ठोका दबतो. काही निरोगी माणसांचा इथला ठोका जन्मापासूनच लागत नाही. म्हणून दुसरी जागाही बघा, घोट्याच्या आतल्या बाजूच्या हाडामागची खाच. मग दुसऱ्या पायावर तसंच करा आणि दोन्हींची तुलना करा.

त्यानंतर पायाच्या अंगठ्याचं नख दाबून सोडा. दाबल्यावर ते पांढुरकं होतं. ऊबेच्या खोलीत साधारण दोन सेकंदांत रंग परत यायला हवा. पुस्तकांतली चित्रं बहुतेक गोऱ्या कातडीची असतात. आपल्या सावळ्या कातडीवर निळेपणा, फिकटपणा चटकन दिसत नाही. तो नखांत, तळव्यावर आणि ओठांच्या आतल्या बाजूला उजेडात बघा.

एका पायात दोन्ही जागी ठोका लागत नसेल, पाय गार असेल आणि चालताना पोटरी भरून येत असेल, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

खर्रा, बिडी, गुडाखू

हे वाचून काही जण नाराज होतील, पण सांगणं भाग आहे. तंबाखूतलं निकोटीन रक्तवाहिन्या आकसवतं. थंडीत आधीच आकसलेल्या वाहिन्यांना तंबाखू आणखी आवळते. वर्षानुवर्षं हे चाललं की वाहिन्यांच्या भिंती खराब होतात. त्या हमाल भावांना जो आजार निघाला, त्याला बर्जर्स डिसीज म्हणतात. हा तंबाखू घेणाऱ्यांचा आजार आहे, आणि बहुतेक वेळा पन्नाशीच्या आतल्या पुरुषांना गाठतो. हातापायांच्या लहान-मध्यम वाहिन्या सुजून आतून बंद होत जातात. तंबाखू पूर्ण सुटली तर बहुतेकांचे हातपाय वाचतात. ती चालू ठेवून कोणतंही औषध हा आजार थांबवू शकत नाही. "दिवसाला एकच" हा हिशेब इथे चालत नाही.

बाया म्हणतात, "आम्ही कुठं बिडी ओढतो?" पण गुडाखू दाताला लावली, खर्रा गालात धरला, तरी निकोटीन रक्तातच जातं. सोडायला मदत हवी असेल तर १८०० ११२ ३५६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे. त्या भावांनी अंगठा गेल्यावर बिडी सोडली. उरलेली बोटं आजही शाबूत आहेत.

साखरेचा पाय

मधुमेहात दोन गोष्टी होतात. वाहिन्या अरुंद होतात आणि नसांची जाणीव मरते. पाय हाताला गरम लागतो तरी माणसाला तो थंड, बधिर वाटतो, किंवा मुंग्या येतात, जळजळ होते. बाबासाहेबांनाही मधुमेह होता आणि पायांच्या वेदनांनी त्यांना अखेरच्या वर्षांत फार छळलं. त्या अवस्थेतही त्यांनी केवढं काम केलं, हे आपण दरवर्षी ६ डिसेंबरला आठवतो. त्यांच्या लेकरांनी आपले पाय तरी सांभाळावेत.

जाणीव मेलेल्या पायाला शेक देणं सगळ्यात धोक्याचं. चटका बसलेला कळत नाही, सकाळी फोड दिसतो आणि तो भरता भरत नाही. मधुमेह असेल तर गरम पाण्याची पिशवी, वीट, शेगडी यांपासून पाय लांब ठेवा. रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघा. स्वतःला वाकता येत नसेल तर नातवंडांना बघायला सांगा. अनवाणी घरातही फिरू नका.

रक्त कमी असेल, किंवा बोटांचे रंग बदलत असतील

रक्तात हिमोग्लोबिन कमी असलं की हातपाय गार राहतात, दम लागतो, थकवा येतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बाया रक्तक्षयी आढळल्या. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर, गरोदरपणात ११ च्या वर हवं. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घ्या. सोबत थंडी सहन न होणं, वजन वाढणं, केस गळणं, पाळी बिघडणं असेल तर थायरॉइडची तपासणी करा. बीपीच्या काही गोळ्यांनीही हात थंड पडतात. तसं वाटलं तर डॉक्टरांना सांगा, गोळी मनाने बंद करू नका.

काहींची बोटं गार पाण्यात हात घातल्याबरोबर पांढरी, मग निळसर होतात आणि ऊब मिळाल्यावर लाल होऊन ठणकतात. फ्रेंच डॉक्टर मॉरिस रेनो यांनी १८६२ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून याला रेनोचा आजार म्हणतात. रस्ता फोडायचं ब्रेकर मशीन वर्षानुवर्षं चालवणाऱ्या मजुरांनाही असं होतं. बोटांच्या टोकाला जखमा होत असतील, कातडी ताठ होत असेल किंवा सांधे सुजत असतील, तर तपासणी टाळू नका.

सिकलसेल विसरू नका

विदर्भात सिकलसेलचा आजार आदिवासींसोबत आपल्या बौद्ध कुटुंबांतही आढळतो. यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक वाहिन्यांत अडकतात. थंडीत, गार पाण्याने अंघोळ केल्यावर, पाणी कमी प्यायल्यावर भयंकर दुखणं उठू शकतं. तान्ह्या बाळाचे हात-पाय सुजून दुखू लागले तर ती याची पहिली खूण असू शकते. अशा लेकरांना गरम कपडे, कोमट पाणी, भरपूर पिणं हवं, आणि ताप आला की लगेच दवाखाना. सिकल असेल तर लोहाची गोळीही डॉक्टरांना विचारूनच. सरकारी केंद्रात सिकलची तपासणी मोफत होते. लग्न जमवताना ती जरूर करा. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता ४ पैकी १ असते. यात कोणाचा दोष नाही आणि लाजण्यासारखं तर काहीच नाही.

घरी काय करावं

आधी अंग गरम ठेवा, हातपाय आपोआप गरम होतील. छाती, पोट आणि डोकं झाका. एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घातले तर ऊब टिकते. भांडी घासायला कोमट पाणी मागा. ती काही मेहेरबानी नाही, कामाची गरज आहे. काम झालं की हात कोरडे करून खोबरेल तेल लावा. ओले मोजे बदला. मोज्याचं रबर आवळत असेल तर सैल करा. पाय सुजत असतील तर जोडवी काढून ठेवा. एका जागी बसून काम असेल तर अर्ध्या तासाने घोटे फिरवा, चार पावलं चाला. फरशीवर पोतं किंवा सतरंजी टाकूनच झोपा.

बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नका. तिच्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपेतच जीव जातो.

तातडीने जायचं कधी

एक पाय किंवा हात अचानक गार पडला, फिकट झाला, जोरात दुखू लागला, बधिर झाला किंवा हलेनासा झाला, तर १०८ ला फोन करा आणि मोठं रुग्णालय गाठा. इथे तासांचा हिशेब असतो. शेकू नका, चोळू नका. बोट काळं पडलं, जखम दोन आठवड्यांत भरली नाही किंवा झोपेतही पाय ठणकू लागला, तरी वाट बघू नका.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. मेडिकल कॉलेज आणि महापालिकेच्या रुग्णालयांना हा निर्णय लागू नाही. तिथे महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा, रेशनकार्ड सोबत न्या.

आणि डॉक्टरांसमोर बसलात की स्पष्ट सांगा, "डॉक्टर, पायाची नाडी बघा." आवाज चढवायची गरज नाही. पण पायाला हात लागल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. आपल्या आजा-पणज्यांना गावात पायात चप्पल घालून चालायची बंदी होती. त्यांनी सोसलं, कारण दुसरा इलाज नव्हता. आपल्याकडे आज इलाज आहे.

आज रात्री घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचे पाय मांडीवर घ्या आणि दोन्ही पायांचा ठोका लागतो का ते बघा.