उपकेंद्राची पाटी बदलली, सिस्टरचं काम वाढलं

परंडा तालुक्यातलं सोनारी काळभैरवनाथामुळे ओळखलं जातं. अशा गावांत सरकारी आरोग्यसेवा म्हणजे मुख्यतः उपकेंद्रातली सिस्टर, एएनएम. सपाट भागात ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, हा निकष. २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजनेत उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं होऊ लागली. २०२३ मध्ये नाव आयुष्मान आरोग्य मंदिर झालं. लसीकरण, गरोदर मातांची तपासणी होतीच. त्यात तिशीपुढच्यांचा रक्तदाब, मधुमेह, कर्करोगाची प्राथमिक तपासणी आणि या सगळ्याची ऑनलाइन नोंद आली. सोबतीला समुदाय आरोग्य अधिकारी आले, हे चांगलंच. पण महाराष्ट्रात ही भरती कंत्राटी पद्धतीने झाली. एकाच छताखाली कुणाची नोकरी कायम, कुणाची करारावर, हे मला सर्वांत अन्यायाचं वाटतं. गावाला तर दोघांकडूनही तितकीच सेवा हवी असते.