भटारखान्यातील हरकाम्या

उपाहारगृहात बसलेल्या गिऱ्हाइकाला दोन माणसे दिसतात : पदार्थ आणून देणारा वेटर आणि गल्ल्यावरील मालक. आचारी दिसला नाही, तरी चवीवरून त्याची ओळख पटते. परंतु ज्याचे काम नीट झाले असता कोणाच्याही लक्षात येत नाही, असा आणखी एकजण आत राबत असतो. त्याला कोठे हेल्पर म्हणतात, कोठे मोरीवाला, तर कोठे नुसते 'पोऱ्या'.

धान्याची पोती आत आणणे, कांदेबटाटे सोलणे, ओटे धुणे आणि दिवसभर खरकट्या भांड्यांचा ढीग उपसणे ही त्याची कामे. ती अकुशल समजली जातात. पण त्यांतही शास्त्र आहे. भांड्यांतील खरकटे आधी निपटावे, मग साबणाच्या गरम पाण्यात घासावे, स्वच्छ पाण्याने विसळावे, जंतुनाशकातून काढावे आणि हवेवर वाळू द्यावे. मळक्या ओल्या फडक्याने पुसलेले ताट लखलखीत दिसते खरे, परंतु फडक्यावरील जंतू ताटावर येतात.

फळीचेही तसेच. कच्चे मांस कापलेल्या फळीवर ती न धुता काकडी चिरली, तर धोका मांसात राहत नाही, कारण ते शिजते. तो काकडीत राहतो. भातातील काही जंतूंची बीजे शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला, की ती वाढतात आणि त्यांचे विष पुन्हा ऊन करूनही जात नाही. म्हणून अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर ऊन किंवा ५ अंशांच्या खाली थंड ठेवावे, असा दंडक आहे. तो रोज पाळणारे हात बहुधा या हरकाम्याचेच असतात.

२००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील नियमांनी अन्न हाताळणाऱ्याची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरविली आहे. त्याच्यापासून गिऱ्हाइकाला रोग होऊ नये, हा तिचा हेतू. परंतु सततच्या पाण्याने आणि साबणाने भेगाळलेली बोटे, ओल्या फरशीवरून घसरण्याचे भय आणि भट्टीची धग यांचीही विचारपूस व्हावयास हवी. भेगाळलेल्या हातावरील जखम अन्नालाही बाधते. तेव्हा येथे मजुराचे हित आणि गिऱ्हाइकाचे हित वेगळे नाही.

कित्येक वर्षे हे काम लहान मुलांच्या माथी होते. कवी नारायण सुर्वे यांनीही बालपणी हॉटेलात कपबशा विसळल्या होत्या. १० ऑक्टोबर २००६ पासून हॉटेले, ढाबे व चहाच्या टपऱ्या यांत १४ वर्षांखालील मुलांना कामास ठेवण्यास बंदी झाली. २०१६ च्या दुरुस्तीने ती, थोडे अपवाद वगळता, सर्व व्यवसायांना लागू केली. कायदा झाला, तरी त्याची आठवण ठेवणे गिऱ्हाइकाच्याही हाती असते. चहाचा पेला पुढे करणारा हात कोवळा दिसला, तर त्या चहाची खरी किंमत कोण मोजीत आहे, हे विचारावयास हवे.