विहार, मतदान आणि घर
14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. या धम्माला राजकारण परके नाही. ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे सारे भिक्खूसंघाला ठाऊक होते, असा दाखला बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत दिला होता. संघात मतदानासाठी शलाका, म्हणजे लाकडी काड्या, वापरत. समाजाच्या बाबतीत सारा भर समतेवर. धर्मांतरावेळी बाबासाहेबांनी अनुयायांना दिलेल्या 22 प्रतिज्ञांतही समता आहेच. मोक्षाची चर्चा त्यामानाने कमी, आणि तेही मुद्दामच. घरच्या विधींतही हा धम्म दिसतो: लग्नात वधूवर पांढऱ्या वस्त्रांत, समोर बुद्ध-आंबेडकरांच्या प्रतिमा, मेणबत्ती, त्रिशरण-पंचशील, सप्तपदी नाही. अनेक विहारांत वंदना आटोपली की त्याच सतरंजीवर मुलांची अभ्यासिका भरते.