जपानच्या पोटातला तिरका भूपट्ट

जपान आणि आशिया खंड यांच्यामधल्या समुद्राखाली अधूनमधून तीन-चारशे किलोमीटर खोल भूकंप होतो. त्याचा धक्का जवळच्या पश्चिम किनाऱ्याला जास्त बसावा, असं आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात अनेकदा तिथे काहीच कळत नाही आणि पलीकडे, पॅसिफिकच्या बाजूची घरं हलतात. याचा उलगडा १९६०च्या दशकात तोकुजी उत्सू यांनी केला. जपानच्या पोटात एक थंड, कठीण भूपट्ट तिरका उतरला आहे. त्याच्यातून येणाऱ्या लहरींचा जोर फारसा कमी होत नाही. बाजूच्या तप्त प्रावरणातून जाणाऱ्या लहरी मात्र वाटेतच विरतात.

हा भूपट्ट म्हणजे पॅसिफिक महासागराचा तळ. ईशान्य जपानच्या पूर्वेला असलेल्या खोल सागरी गर्तेपाशी तो वाकतो आणि वर्षाला आठ-नऊ सेंटिमीटर या गतीने देशाखाली सरकतो. तिथे कोणी गेलेलं नाही आणि जाऊही शकणार नाही. तरी त्याचा आकार आज बारकाईने माहीत आहे, तो भूकंपांच्याच लहरींमुळे.

भूकंप झाला की आधी पोहोचते ती पी लहर, मागाहून एस. भूकंप उथळ असेल, तर दोघींमधल्या प्रत्येक सेकंदामागे साधारण आठ किलोमीटर अंतर धरता येतं. अनेक केंद्रांवरच्या वेळा जुळवल्या की भूकंपाची जागा, खोली आणि क्षण हाती लागतो. कियू वादाती यांनी १९२८ मध्ये अशाच नोंदींवरून दाखवलं की ३०० किलोमीटरपेक्षा खोलवरही भूकंप होतात. गर्तेकडून आशियाकडे जावं तसे ते अधिकाधिक खोल होतात, हेही त्यांनी पुढे नकाशावर मांडलं. प्लेट टेक्टॉनिक्सचा सिद्धांत तेव्हा तीसेक वर्षं दूर होता!

पण भूकंपांचे ठिपके म्हणजे चित्र नव्हे. आजूबाजूचा खडक कसा आहे, हे लहरीला लागलेल्या वेळेवरून कळतं. समजा, लहरीला २०० किलोमीटर यायचं आहे आणि वेग सेकंदाला ८ किलोमीटर आहे. मग २५ सेकंद लागायला हवेत. तीच वाट थंड भूपट्टातून गेली आणि वेग पाच टक्क्यांनी वाढला, तर लहर सुमारे १.२ सेकंद आधी येते. सगळा खेळ या सेकंद-दीड सेकंदाचा. एका लहरीवरून फरक वाटेत नेमका कुठे पडला ते कळत नाही. म्हणून जमिनीखालच्या भागाचे काल्पनिक ठोकळे पाडतात आणि हजारो भूकंपांच्या, एकमेकींना छेदणाऱ्या वाटांचा हिशेब एकत्र सोडवतात. दवाखान्यातला सीटी स्कॅन याच तत्त्वावर चालतो. फरक इतकाच, की इथे किरण कुठून सोडायचे ते आपल्या हातात नसतं.

म्हणून केंद्रं दाट हवीत. १९९५च्या कोबे भूकंपानंतर जपानने देशभर सुमारे ८०० भूकंपमापक बसवले, तेही शंभर मीटर किंवा त्याहून खोल विंधन विवरांत, रहदारीच्या थरथरीपासून लांब. कोणालाही न जाणवणारे बारीक भूकंपही त्यांत नोंदले जातात, आणि या कामाला तेच जास्त उपयोगी पडतात, कारण ते रोज होतात.

या चित्रात भूपट्ट जलद वेगाच्या तिरक्या पट्ट्यासारखा दिसतो. मला त्याच्यावरचा भाग जास्त मोलाचा वाटतो. ज्वालामुखींच्या रांगेखाली लहरी मंदावतात, आणि मंद वेगाचा हा पट्टा भूपट्टाला जवळजवळ समांतर, तिरका खाली जातो. समुद्रतळाच्या खनिजांत अडकलेलं पाणी खोलवर दाबाने, उष्णतेने बाहेर पडतं, वरच्या प्रावरणात शिरतं आणि त्याचा वितळणबिंदू उतरवतं. जिथे वितळलेला खडक किंवा पाणी असतं, तिथे एस लहर पी लहरीपेक्षा जास्त मंदावते. त्यामुळे दोघींच्या वेगांचं गुणोत्तर पाहून द्रव कुठे असावा, याचा अंदाज बांधता येतो.

सीमा रेखीव दिसण्यासाठी वेगळी युक्ती आहे. लहर दोन थरांच्या सीमेवर आदळली की पी लहरीचा काही अंश एस होतो आणि मागाहून येतो. तो किती मागे राहिला यावरून सीमेची खोली निघते. भूपट्टाचा माथा नेमका कुठे आहे, हे त्यामुळे ठरवता येतं. १९७०च्या दशकात तोहोकू विद्यापीठातल्या आकिरा हासेगावा आणि सहकाऱ्यांना भूपट्टाच्या आतच भूकंपांचे दोन समांतर थर आढळले, एकमेकांपासून ३० ते ४० किलोमीटरवर. खालच्या थरातले भूकंपही खनिजांतून पाणी सुटल्यानेच होत असावेत, असं बरेच अभ्यासक मानतात.

उणीव उरते ती समुद्राखालच्या भागाची. जमिनीवरच्या केंद्रांना किनाऱ्यापलीकडचं चित्र अंधुक दिसतं आणि मोठे भूकंप घडवणारा भाग तर तिथेच आहे. ११ मार्च २०११ च्या भूकंपात तोच सरकला. त्यानंतर जपानने सागरी गर्तेच्या परिसरात तळावर केबलने जोडलेली १५० केंद्रं उभारली. किनाऱ्यावरच्या केंद्रांना ज्या वाटा कधी मिळत नव्हत्या, त्या आता या हिशेबात येऊ लागल्या आहेत.