ड्रायर फिरतो, कपडे मात्र ओलेच

पावसाळा लागला की ड्राय बाल्कनीतल्या दोऱ्या भरून जातात, कपड्यांना कुबट वास यायला लागतो आणि सगळी भिस्त ड्रायरवर येते. नेमका त्याच दिवसांत तो हळू पडतो. एरवी दीड तासात होणारं काम तीन तास झाले तरी होत नाही. जीन्सचा कमरेचा भाग ओला, टॉवेलची किनार दमट. ‘हीटर गेला असणार’ असं म्हणून आपण मेकॅनिकला फोन लावतो.

तो फोन जरा थांबवा. ड्रम फिरतो आहे, आत गरमही होतं आहे, तरी कपडे वाळत नाहीत, अशा तक्रारीत हीटर सगळ्यात शेवटी बघायचा. बहुतेक वेळा हवेची वाट कुठेतरी अडलेली असते आणि ती मोकळी करायला कुणाला बोलवावं लागत नाही.

आधी एक खुलासा. सेमी ऑटोमॅटिक मशीनच्या दुसऱ्या टबालाही आपल्याकडे ड्रायरच म्हणतात. तो टब कपडे गरागरा फिरवून पाणी काढतो, गरम हवा देत नाही. इथे बोलायचं आहे ते गरम हवेने कपडे वाळवणाऱ्या, फिरत्या ड्रमच्या ड्रायरबद्दल.

त्याचं काम समजायला सोपं आहे. पंखा खोलीतली हवा आत ओढतो, हीटर ती तापवतो, ही हवा फिरत्या कपड्यांमधून जाते आणि त्यांच्यातलं पाणी वाफेच्या रूपाने घेऊन बाहेर पडते. उष्णता पाण्याची वाफ करते, पण ती वाफ बाहेर नेते हवा. वाफ आतच कोंडली, तर कपडे गरम होतात आणि ओलेच राहतात. ड्रम उघडल्यावर हाताला वाफाळलेले, जड कपडे लागले, तर हीटर ठीक आहे आणि हवा अडली आहे असं समजायला हरकत नाही.

पहिली तपासणी ड्रायरची नाहीच, वॉशिंग मशीनची आहे. कपडे ड्रायरमध्ये जातानाच किती ओले आहेत, हे बघायचं. विमानप्रवासाआधी बॅग तोलायला जो हुकाचा काटा आपण वापरतो, तो इथे छान कामाला येतो. कोरडा टॉवेल पिशवीत घालून तोला, आणि तोच टॉवेल धुऊन, स्पिन होऊन बाहेर आला की पुन्हा तोला. अर्धा किलोचा टॉवेल पाऊण किलोपासून साधारण साडेआठशे ग्रॅमपर्यंत भरला तर ठीक. एक किलोच्या घरात गेला, तर पाणी नीट पिळलंच जात नाही.

हा फरक किती मोठा आहे, ते पाहा. ५ किलो सुती कपड्यांत मिनिटाला १४०० फेऱ्यांच्या स्पिननंतर अंदाजे अडीच लिटर पाणी उरतं, ८०० फेऱ्यांनंतर साडेतीन लिटर. हवा बाहेर सोडणाऱ्या साध्या ड्रायरला एक लिटर पाणी उडवायला साधारण एक युनिट वीज लागते. हीटर २००० वॉटचा असेल तर एक युनिट म्हणजे अर्धा तास. स्पिन ८०० वरून १४०० फेऱ्यांवर नेलं की हा अर्धा तास वाचू शकतो. वॉशिंग मशीन हे पाणी जितक्या स्वस्तात काढतं, तितक्या स्वस्तात ड्रायरला ते कधीच जमत नाही. बेडशीट एका बाजूला गोळा होऊन तोल गेला की मशीन आपणहून स्पिन हळू करतं, तेही लक्षात असू द्या.

मग भरणा. कपड्यांना ड्रममध्ये वर जाऊन सुटं खाली पडायला जागा हवी. ओले कपडे घातल्यावर ड्रमचा वरचा एक तृतीयांश भाग तरी मोकळा दिसला पाहिजे. सोलापुरी चादर आणि पातळ शर्ट एकत्र घातले तर शर्ट केव्हाच वाळतात आणि चादरीसाठी सगळं तासभर फिरत राहतं. दुलईची खोळ आणि उशीचे अभ्रे तर लहान कपडे पोटात घेतात. मोजे, रुमाल त्यात जाऊन बसतात आणि मधोमध ओला गोळा तयार होतो. खोळीची बटणं लावूनच ती आत टाका, आणि अर्ध्या वेळाने दार उघडून कपडे एकदा सोडवा.

आता जाळी. कपड्यांचे सुटलेले बारीक तंतू, म्हणजे लिंट, अडवण्यासाठी दाराच्या कडेला किंवा ड्रमच्या मागच्या बाजूला ही जाळी असते. प्रत्येक खेपेनंतर ती काढून साफ करायची. आठवड्यातून एकदा नव्हे. नव्या टॉवेलांच्या एकाच खेपेत करड्या कापसाचा जाड थर बसतो.

हे बरेच जण करतात. तरीही एक गोष्ट निसटते. जाळी हाताने पुसून स्वच्छ दिसते, पण फॅब्रिक सॉफ्टनर वापरत असाल तर तिच्या छिद्रांवर डोळ्यांना न दिसणारा मेणचट थर साचत जातो. परीक्षा सोपी आहे. जाळी नळाखाली आडवी धरा आणि वर थोडं पाणी सोडा. पाणी लगेच खाली गळलं तर जाळी मोकळी. पाणी जाळीवर साचून डोललं, तर ज्या जाळीतून पाणी जात नाही तिच्यातून हवाही पुरेशी जाणार नाही. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि जुना मऊ टूथब्रश घेऊन दोन्ही बाजूंनी घासा आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवा. जाळी काढलेल्या खाचेतही टॉर्च मारून बघा. तिथे साठलेला लिंट व्हॅक्यूम क्लीनरच्या चपट्या नळीने निघतो.

यापुढचा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा: आतून निघालेली दमट हवा जाते कुठे?

आपल्याकडे बरेच ड्रायर वाफेची हवा सरळ बाहेर टाकणारे, म्हणजे व्हेंटेड असतात. जागेअभावी ते बाथरूममध्ये किंवा काचा लावून बंद केलेल्या ड्राय बाल्कनीत ठेवले जातात. पावसाचे शिंतोडे नकोत म्हणून खिडकीही लावलेली. मग ड्रायर जी वाफ बाहेर टाकतो, तीच पुन्हा आत ओढतो.

थोडा हिशोब करू. ३० अंश तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. दीड मीटर रुंद, दोन मीटर लांब आणि तीन मीटर उंच बाल्कनीत ९ घनमीटर हवा असते, म्हणजे पूर्ण कोरड्या हवेतही जेमतेम पाव लिटर पाणी मावेल. आपण त्यात तीन लिटर सोडतो. मग काचांवरून ओघळ येतात, भिंतीला बुरशी धरते आणि कपडे वाळत नाहीत. खिडकी उघडा, एक्झॉस्ट फॅन लावा, ड्रायरच्या मागे वीतभर जागा ठेवा. शक्य असेल तर हवा बाहेर सोडायला पाइप बसवून घ्या.

‘बाहेर तर धो धो पाऊस, ती दमट हवा आत घेऊन काय उपयोग?’ ही शंका रास्त आहे. पण २७ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची जुलैतली हवा ड्रायरने ६५ अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता १३ टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणजे पाणी शोषायला ती भरपूर तहानलेली असते. कोकणातल्या भर पावसातली हवाही ड्रायरला चालते. कोंडलेली चालत नाही.

पाइप असेल, तर तो बघा. मशीन भिंतीला खेटून सरकवलं की मागचा लवचिक पाइप चेपतो. पाइप जितका लांब आणि जितकी वळणं जास्त, तितकी हवा मंदावते आणि लिंट वळणावर बसत जातो. अमेरिकेतल्या निवासी बांधकाम संहितेत या पाइपची लांबी ३५ फुटांपर्यंत धरली आहे आणि साध्या काटकोनी वळणामागे त्यातले ५ फूट वजा होतात. तिथे राहणाऱ्या आपल्या वाचकांच्या घरी ड्रायर बहुधा घराच्या मधोमध किंवा तळघरात असतो आणि पाइप भिंतीच्या आतून जातो, म्हणून हा मुद्दा त्यांना जास्त लागू आहे. घराबाहेर जाऊन पाइपच्या तोंडाची झडप बघा. ड्रायर चालू असताना ती हवेने उघडायला हवी. ती लिंटने चिकटलेली, पक्ष्यांनी घरटं केलेलं किंवा कुणी बारीक जाळी बसवून तोंड बुजवलेलं, असे प्रकार सर्रास आढळतात.

पाइपचा दोष आहे की मशीनचा, हे ठरवायची खात्रीची रीत आहे. विजेचा ड्रायर बंद करून मागचा पाइप काढा आणि खिडकी उघडी ठेवून एकच खेप तशीच फिरवा. कपडे नेहमीसारखे वेळेत वाळले तर मशीन ठणठणीत आहे, पाइप साफ करा. गॅसवर चालणाऱ्या ड्रायरवर मात्र हा प्रयोग अजिबात करू नका. त्याच्या हवेत ज्वलनाचे वायू असतात आणि कार्बन मोनॉक्साइड घरात पसरू शकतो.

लिंट पटकन पेट घेतो. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या आकडेवारीप्रमाणे २००८ ते २०१० या काळात तिथल्या घरांत ड्रायरमुळे वर्षाला अंदाजे २,९०० आगी लागल्या आणि त्यांमागचं सर्वांत मोठं कारण होतं सफाई न करणं. म्हणून प्लास्टिकचा पाइप वापरू नये, धातूचा वापरावा.

आपला ड्रायर कंडेन्सर प्रकारचा असेल, म्हणजे वाफेचं पुन्हा पाणी करून टाकीत साठवणारा, तर त्याला बाहेर जाणारा पाइप नसतो. त्याच्या खालच्या झडपेआड वाफ थंड करणारा पत्र्यांचा ठोकळा असतो. अनेक मॉडेलांत तो बाहेर ओढून नळाखाली धुता येतो. जाळीतून निसटलेला लिंट त्याच्या पापुद्र्यांत जाऊन बसतो. एक खूण लक्षात ठेवा: कपडे ओले आणि टाकीतही पाणी कमी, तर वाफेचं पाणी होतच नाही. ठोकळा धुवा आणि खोलीत वारा खेळता ठेवा. हीट पंपचा ड्रायर मुळातच कमी तापमानावर, वीज वाचवत चालतो. त्याला दोन-तीन तास लागणं हा दोष नाही.

धुणं आणि वाळवणं एकाच मशीनमध्ये असेल, तर दोन गोष्टी. धुण्याची क्षमता ८ किलो लिहिलेली असली तरी वाळवण्याची त्याहून बरीच कमी, बहुधा ५ किलोच्या आसपास असते. धुतलेले सगळे कपडे तसेच वाळायला ठेवले तर ते वाळणार नाहीत, अर्धे काढून घ्यायला हवेत. दुसरी गोष्ट क्वचितच कुणी सांगतं. यांतली बरीच मशीनं वाफ थंड करायला नळाचं गार पाणी वापरतात. धुणं संपलं म्हणून आपण नळ बंद केला, किंवा दुपारी सोसायटीचं पाणी गेलं, की वाळवणं अडतं. नळ चालू आहे ना, धार बरी आहे ना, हे आधी बघा.

विजेकडे वळू. हीटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. २३० ऐवजी १९० व्होल्ट मिळाले तर २००० वॉटचा हीटर सुमारे १३६५ वॉटच देतो, म्हणजे उष्णता जवळजवळ एक तृतीयांशाने घटते. संध्याकाळी दिवे मंद होत असतील तर ड्रायर सकाळी किंवा रात्री उशिरा लावून फरक पाहा. ड्रायर १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावा, एक्स्टेन्शन बोर्डावर नको. खेप संपल्यावर प्लग बंद करून हात लावा; तो चटका देण्याइतका गरम असेल तर जोड सैल आहे. इलेक्ट्रिशियनने सॉकेट बदलेपर्यंत ड्रायर लावू नका.

अमेरिकेतला विजेचा ड्रायर २४० व्होल्टवर, दोन तारांमधून चालतो. त्यातली एकच बाजू ट्रिप झाली तर ड्रम फिरतो, दिवा लागतो आणि हवा गारच राहते. पॅनेलमधला त्याचा ब्रेकर पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा.

एक वेगळी तक्रार म्हणजे ड्रायर वेळेआधीच थांबतो आणि कपडे दमट निघतात. ड्रममध्ये किंवा जाळीजवळ दोन चकचकीत धातूच्या पट्ट्या असतात. ओला कपडा दोन्हींना टेकला की त्यांतून बारीकसा प्रवाह वाहतो आणि अजून ओल आहे हे मशीनला कळतं. पट्ट्यांवर सॉफ्टनरचा किंवा बोअरच्या जड पाण्याच्या क्षारांचा थर बसला, तर कपडे वाळले अशी मशीनची चुकीची समजूत होते. पांढरं व्हिनेगर लावलेल्या फडक्याने पट्ट्या पुसा. दोन-चारच कपडे असतील तर ऑटोऐवजी वेळेचा प्रोग्रॅम लावा, कारण ते पट्ट्यांना धड लागतच नाहीत.

एवढं करूनही फरक पडला नाही, तर रिकामा ड्रायर पूर्ण उष्णतेवर ५ मिनिटं चालवून दार उघडा. आत गारच असेल तर हीटर, थर्मोस्टॅट किंवा थर्मल फ्यूज यांपैकी काहीतरी गेलं आहे. थर्मल फ्यूज म्हणजे अति तापल्यावर एकदाच तुटून हीटर बंद पाडणारा सुरक्षेचा भाग. गरम होतं पण हवेचा झोतच नाही, तर पंख्याच्या पात्यांत लिंट अडकला असेल किंवा पातं झिजलं असेल. हे भाग मशीन उघडूनच दिसतात, आणि इथे मेकॅनिकला बोलवावं.

तो आला की स्पिननंतरचं वजन, पाइप काढून घेतलेल्या चाचणीचा निकाल आणि आत गरम होतं की नाही, या तीन गोष्टी त्याला सांगा. त्याचा निम्मा वेळ वाचेल. फ्यूज बदलायला निघाला, तर तो तापून का तुटला हे विचारा आणि मशीन उघडं आहे तोवर आतला लिंट आपल्यासमोर काढून घ्या. नुसता फ्यूज बदलून हवेची वाट तशीच तुंबलेली राहिली, तर नवा फ्यूजही लवकरच जाईल.