तारापूर पडले नसते तर?

इतिहासात ‘जर-तर’ला स्थान नाही, असे म्हणतात. पण ‘जर’ विचारला की कारणे उघडी पडतात.

युरोपच्या धर्मयोद्ध्यांनी १०९९ साली जेरुसलेम घेतले. १२९१ साली आक्रे बंदर गेले आणि पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरील त्यांची राज्ये संपली. आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांना १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादुरशहाकडून वसई मिळाली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकली. दोन्हीकडे सुमारे दोनशे वर्षे, आणि चित्रही सारखेच : किनाऱ्यावर किल्ल्यांची माळ, माणसे थोडी, मदत समुद्रमार्गे, पाठीमागचा मुलूख परका.

वसई ते दमण या माळेत केळवे-माहीम, शिरगाव, तारापूर, डहाणू असे मणी होते. जानेवारी १७३९ मध्ये तारापूर घेताना बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. हा हल्ला फसला असता तर? वसईचा शेवट लांबला असता, टळला नसता. मराठ्यांच्या फौजा घाट उतरून पुन्हा येऊ शकत होत्या. पोर्तुगीजांची भिस्त गोव्यावर, आणि तिकडे व्यंकटराव घोरपडे चालून गेले होते.

मात्र वसई जाऊनही तारापूर एकटे उरू शकले असते. दमण तसेच उरले, थेट डिसेंबर १९६१ पर्यंत! मग बोईसरहून तारापूरला जाताना आपल्या आजोबांना सरहद्द ओलांडावी लागली असती. आणि १९६९ साली सुरू झालेले अणुवीज केंद्र येथे उभे राहिले असते का, कोण जाणे!